चौदा तास

ताई दाजींबरोबर टोरांटोला निघाली तेव्हा मी मंठ्याजवळच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. वडील त्यांना पोचवायला मुंबईला गेले. घरी राहिलो माय आणि मी.

"किती लांब हाय गं ते?" विमानाच्या आदल्या दिवशी मायनं विचारलं.

मी शाळेतून पृथ्वीचा गोल घरी आणला. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरायला मायला सांगितलं, दुसरं टोरांटोपर्यंत ताणलं. मग तोच दोरा विषुववृत्तावर ठेवून मोजला. साडेबारा हजार किलोमीटर निघाले. मायला त्या आकड्याचं काहीच वाटलं नाही.

"तास किती लागतेत?"

"विमानात चौदा."

"यष्टीनं मुंबईला बी तेवढेच लागतेत. मंग काई लांब न्हाई," ती म्हणाली आणि निवांत झाली.

सकाळी विमान सुटायच्या वेळी आम्ही कापूस वेचायला रानात उतरलो. आमच्याकडे पिकाच्या ओळीलाही तासच म्हणतात. आज चौदा तास वेचायचे, असं मायनं ठरवूनच टाकलं. एक तास संपला की विचारायची, "कुठं आली असंल आता?" मी सांगायची, समुद्र लागला. मग वाळवंट. मग बर्फाचे डोंगर. सांगता सांगता मलाच ते दिसायला लागलं. पाय ढेकळांवर पडत होते, पण ते जाणवत नव्हतं.

"तिला खायाला देत असतील का?"

"देतात की."

"मंग आपुन बी खाऊ." बाभळीखाली बसून आम्ही भाकरी खाल्ली.

दिवस मावळताना चौदावा तास संपला. "पोचली माझी लेक," माय म्हणाली आणि तिनं कमरेची कापसानं भरलेली ओटी सोडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरल्याप्रमाणे स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर फोन आला. ताई रडत होती. वाटेत लंडनला विमान बदलायचं होतं, पण धुक्यामुळं पुढचं सुटलंच नव्हतं. कालपासून दोघं तिथंच खुर्च्यांवर बसून होती; आता उद्या सुटेल म्हणत होते. मायनं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"अगं, आम्ही तर तुला कालच पोचवली!"

मीही रिसीव्हरला कान लावला. पलीकडं ताई रडता रडता हसली.

"किती राह्यलं आता?"

"अर्धं, माय."

"मंग सातच तास. रडू नको."

सकाळी माय पुन्हा रानात गेली. या वेळी तिनं मला काहीच विचारलं नाही. पुढं चालत स्वतःशीच हळू बोलत होती, "हं, आता पाणी लागलं बघ. खाली बघू नको." मी तिच्या मागं राहून ऐकत वेचत होते. वाऱ्यानं मधले शब्द हरवत होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईचा फोन आला. पोचली होती.

"तिथं दिवस हाय का रात?" मायनं विचारलं.

"सकाळ झालीय."

"मंग आधी च्या करून पी," माय म्हणाली.