दादाचा दुसरा ग्रुप

"ताई, हे गेले..." वहिनीचा फोन आला तेव्हा मी डब्लिनच्या ऑफिसात होते. विलासदादाच्या छातीत कळ आली आणि आखाडा बाळापूरहून नांदेडला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी घरी पोचले ती तिसऱ्या दिवशी. सख्ख्या भावाचं शेवटचं तोंड पाहणं माझ्या नशिबी नव्हतं.

दादानं नांदेडला एका सीएंच्या हाताखाली आर्टिकलशिप केली, सीएच्या परीक्षेतल्या दोन ग्रुपांपैकी पहिला काढलाही. दुसरा मात्र त्याच्या राशीलाच बसला. एका खेपेला कॉस्टिंग निघे, टॅक्स राही. पुढच्या खेपेला उलटं. आपल्याकडे ग्रुपमधले सगळे पेपर एकदमच काढावे लागतात. साठ मार्क पडले तर तेवढ्या पेपरची सूट, तीही थोड्या खेपांपुरती. दादाला मेले पंचावन्न पडायचे. गाव त्याला 'सीए सायेब'च म्हणे, आणि हा प्रत्येकाला थांबवून सांगे, "सीए न्हाई, करून राहिलो." केस पांढरे झाले तरी हेच. वहिनी चिडायची, "लोकं म्हणतेत तर म्हणू द्या की." पण या बाबतीत माणूस भलता हट्टी.

जमा-नावे मला त्यानंच शिकवलं आणि त्या जोरावर मी सीए व्हायला आयर्लंडला गेले. तिथेही नोकरी करतच शिकायचं, पण अभ्यासाला ऑफिस पगारी रजा देतं, हे ऐकून तो पोटभर हसला होता. पुढे मी एका पेपरात नापास झाले आणि त्याला फोन करून हमसून रडले.

"आता सगळे परत द्यायचे?" त्यानं विचारलं.

"नाही रे, तेवढा एकच."

"एकच? बाकीचे पासच राहतेत?"

"हो."

तो म्हणाला, "मग रडून काहून राहिलीस, येडे?"

त्याला काय आठवलं असेल, ते फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. मग मी रडले ती त्याच्यासाठी. दादा मात्र पुढच्या खेपेचा फॉर्म भरून मोकळा झाला होता.

परवा हट्टा गावाहून एक म्हातारे आडतदार दारात आले. दादा गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. "सीए सायेबांचं घर हेच का?" त्यांनी विचारलं. दादाचं वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं. वहिनी शेंगा सोलत बसली होती. तिनं पदर सारखा केला.

"व्हय, सीए सायेबांचंच घर," ती म्हणाली. "पण सायेब न्हाईत आता."

मी दुरुस्त केलं नाही.