बुबुळाची जाडी

माझा चष्मा नाल्यात गेला तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि कुरखेडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स होते. दोन्ही डोळ्यांना उणे सात नंबर. पाचवीत असताना फळ्यावरचं दिसेना म्हणून वडशाच्या चष्मेवाल्या भाऊंनी पहिला चष्मा करून दिला, आणि मग दर दोन वर्षांनी काच जाड होत गेली. चष्मा काढला की जग वीतभराच्या आत येई. त्या वीतभरातलं सगळं लख्ख दिसे. त्याच्या बाहेर नुसते रंग.

भाताच्या रोवणीचे दिवस होते. सकाळी नऊच्या सुमाराला नाल्यापलीकडच्या टोल्यावरून एक माणूस धावत आला. पंधरा-वीस घरांचा तो टोला. त्याच्या बायकोला पहाटेपासून कळा येत होत्या. मी पिशवी उचलली आणि त्याच्या मागे निघाले. नाल्याला मांडीइतकं पाणी होतं. त्यानं पिशवी डोक्यावर घेतली आणि एका हातानं मला धरलं. मधोमध माझा पाय शेवाळलेल्या दगडावरून सटकला. मी पडले नाही, पण मान खाली गेली आणि नाकावरचा चष्मा पाण्यात पडला. पाणी गढूळ. मी खाली हात घालून चाचपू लागले.

"राहू द्या न बाई," तो म्हणाला. "चष्मा नवा येईन. तिकडं ते अडून राह्यली."

उपकेंद्रात दुसरा चष्मा नव्हताच. मी तशीच पुढे गेले.

घरात अंधुक उजेड. टोल्यावरची सुईण, म्हातारी गोंड बाई, बाळंतिणीजवळ बसली होती. मी तिला आजी म्हणत असे. बाळ थोड्याच वेळात आलं, मुलगी. नाळ बांधताना मी इतकी वाकले की माझं नाक बाळाच्या पोटाला लागायला आलं. आजी हसली. "वास घेऊन राह्यल्या काय बाई?" मीही हसले. गाठ नीट बसली होती, ते मला स्वच्छ दिसत होतं. वार पडली. मी बाळ पुसत होते, आणि मला वाटत होतं, जमलं, चष्म्यावाचून जमलं.

तेवढ्यात आजीनं माझं मनगट धरलं. "बाई, हे पाहा. अंगावरून लय जाऊन राह्यलं."

मी पाहिलं. मला काही दिसलं नाही. शेणानं सारवलेली जमीन, खाली काळपट गोणपाट, आणि रक्त त्याच रंगाचं. मी हात टेकवला तेव्हा तळवा ओला झाला, मनगटापर्यंत. बाळंतिणीचा चेहरा पांढरा पडला असेल, पण तिच्या चेहऱ्याच्या जागी मला फक्त एक डाग दिसत होता. मग मी पोट चोळलं, गर्भाशय आवळून धरणारं इंजेक्शन दिलं, आजीनं पाय उंच धरले. चौघांनी बाजेवर घालून तिला नाल्यापलीकडे नेलं आणि तिथून जीपनं कुरखेड्याच्या दवाखान्यात. ती वाचली. पाचव्या दिवशी घरी आली.

सगळे म्हणाले, बाईंनी वाचवलं. वाचवलं ते आजीच्या सत्तरीतल्या डोळ्यांनी.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. नवा चष्मा आला. तो लावून मी रजिस्टर लिहायला बसे आणि दोन ओळी झाल्या की उठे. बाहेर जाऊन हातपंपापर्यंत चालून परत येई. जेवताना मध्येच हात नाकाकडे जाई, चष्मा आहे ना बघायला. लेन्स लावून पाहिली, तर धुळीनं आणि पाण्यानं डोळे लाल झाले. तेव्हा नागपुरात लेझरनं नंबर घालवतात हे आमच्याकडे नुकतंच ऐकू येऊ लागलं होतं. दोन हजार साल उलटून दोन-तीनच वर्षं झाली होती. रविवारी मी एसटीनं नागपूरला गेले.

पहिला दवाखाना चकचकीत होता. यंत्रासमोर हनुवटी ठेवली, हिरवा दिवा पाहिला, दहा मिनिटांत तपासणी संपली. तरुण डॉक्टर म्हणाले, "एकदम सोपं आहे, सिस्टर. शनिवारी या, सोमवारी कामावर जा." मी तारीख घेऊनच बाहेर पडले. परतीच्या बसमध्ये उमरेडपर्यंत मी खूश होते. भिवापूर आलं तेव्हा तारखेची चिठ्ठी पुन्हा काढून पाहिली. नागभीडला मला वाटलं, उतरावं आणि परत जाऊन अजून काहीतरी विचारावं. काय विचारायचं ते मात्र सुचत नव्हतं.

ते चष्मेवाल्या भाऊंनी सुचवलं. वडशाच्या बाजारात त्यांचं दुकान. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करत, भाऊंनी चष्मे सुरू केले. मला वाटलं होतं, गिऱ्हाईक जातं म्हणून ते नाराज होतील. त्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली आणि विचारलं, "बुबुळाची जाडी किती सांगतली तुम्हाले?"

"जाडी? नाई सांगतली."

"मंग कशाच्या भरोशावर कापून राह्यले ते? लेझर म्हंजे बुबुळ तासनं होय बाई. तुमचा नंबर मोठा, तं जास्त तासा लागते. पयले जाडी विचारा. अन् दुसऱ्या जागी बी दाखवा. जल्दी काऊन करता?"

मी ती तारीख रद्द केली. पुढच्या महिन्यात दुसरीकडे गेले. तिथल्या डॉक्टर वयस्क बाई होत्या. त्यांनी मला दिवसभर बसवून ठेवलं. थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, समोरचं वर्तमानपत्रही विरघळून गेलं. त्या खोलीत तीन तास मी एका जागी बसू शकले नाही. शेवटी शिपाईबाई म्हणाल्या, "बसा न मॅडम, तुम्हाले पाहून बाकीचे बी घाबरून राह्यले."

संध्याकाळी डॉक्टरांनी रंगीत नकाशासारखे दोन कागद समोर ठेवले. "तुमच्या डाव्या डोळ्याचं बुबुळ पातळ आहे. नेहमीच्या पद्धतीत आधी वरचा पापुद्रा कापून उचलतात आणि खाली लेझर मारतात. तसं केलं तर तुमच्यात खाली पुरेसं शिल्लक राहत नाही. दुसरी पद्धत आहे. वरची साल खरवडून काढायची आणि सरळ लेझर द्यायचं. त्यात बुबुळ जास्त वाचतं. पण पाच दिवस फार दुखतं, नीट दिसायला महिना-दोन महिने लागतात, आणि थोडा नंबर उरू शकतो."

"आणि चाळिशीनंतर?"

"जवळचा चष्मा लागेल. आता चष्मा काढून जे जवळून बघता, ते जाईल."

मी म्हटलं, "चाळिशीचं चाळिशीत बघू." त्या हसल्या नाहीत. विचारलं, "पण तुम्हाला हे करायचंच का आहे?" मी नाल्याची, रक्ताची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "त्या दिवशी पिशवीत दुसरा चष्मा असता तर?"

इतका साधा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता.

परत येऊन मी भाऊंकडून दुसरा चष्मा केला, दोन्हींना दोरी लावली. एक गळ्यात, एक पिशवीत. आता प्रश्न मिटायला हवा होता. मिटला नाही. चालता चालता मी दर शंभर पावलांवर पिशवी चाचपे. पाऊस डोळ्यावर आला की काचा पुसत उभी राही, पुसून झाल्यावर पुन्हा पुसे. आणि पुढच्या भाद्रपदात असं झालं, की दुसऱ्या एका टोल्यावरून एका तापलेल्या लेकराची आई बोलवायला आली, ओढ्याला गुडघाभरच पाणी होतं, आणि मी म्हटलं, "पाणी उतरू द्या, मग येते." गुडघाभर पाणी! ती बाई माझ्याकडे पाहून परत गेली आणि लेकरू खांद्यावर घेऊन स्वतःच पाण्यातून इकडे आली. लेकरू बरं झालं. पण मला कळलं, मी पाण्याला भिऊ लागले होते, आणि माझी भीती दुसऱ्याच बाईला पार करावी लागली होती. त्या आठवड्यात मी डॉक्टरांना फोन केला.

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. माझे बाबा रेल्वेत गँगमन होते, ते जाऊन चार वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघीच.

"अन् उलटं झालं तं?" आई म्हणाली. "चष्म्यानं दिसते न तुले? जे दिसते ते काऊन घालवतं?"

"नाई जात आई."

"लिहून देते का डॉक्टरीण?"

"उलट मलेच लिहून द्यावं लागते, की झालं तं माझी जबाबदारी."

आईनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी बी येतो. डोयात औषध कोन घालनार तुह्या?"

माघात गेलो. नागपुरात मावशीकडे उतरलो. ऑपरेशनच्या खोलीत गार होतं. टेबलावर झोपवलं, बधिर करणारे थेंब टाकले, पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा बसवला. वर एक लाल ठिपका. "त्याच्याकडेच बघत राहा," डॉक्टर म्हणाल्या, "आणि हलू नका." दिवसातून दहा वेळा मी बायकांना हेच सांगत असे, हलू नको बाई. न हलणं इतकं अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. माझ्या पायाची बोटं आपोआप वळत होती. बुबुळाची साल काढताना दुखलं नाही, पण लाल ठिपका फिसकटला, पाण्यात कुंकू पडावं तसा पसरला. मग यंत्राची टकटक सुरू झाली. जळक्या केसांसारखा वास आला. तो माझ्याच डोळ्याचा वास आहे हे समजल्यावर मला उठून पळावंसं वाटलं. "अजून वीस सेकंद," डॉक्टर म्हणाल्या. "अजून दहा." मग गार पाणी डोळ्यावर आलं आणि झाकण म्हणून एक मऊ लेन्स बसवली. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मला पुढचं सगळं माहीत होतं, म्हणून जास्त भीती वाटली.

पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांत कुणी मिरची चोळल्यासारखं झालं. पापणी उघडली की उजेड सुईसारखा घुसे. मावशीनं खिडकीला चादर लावली. मला पडून राहायला सांगितलं होतं, आणि तेच जमत नव्हतं. भिंतीला हात लावत मी खोलीत फिरे. पलंगापासून दारापर्यंत सात पावलं, दारापासून कपाटापर्यंत चार. आई अक्षरओळख नसलेली. तिनं औषधाच्या तीन बाटल्यांपैकी एकीला लाल दोरा बांधला, एकीला पांढरा, एक तशीच ठेवली, आणि पाच दिवसांत एकही थेंब चुकवला नाही. मी चिडत होते, तिच्यावर, मावशीच्या रेडिओवर, स्वतःवर. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "तू म्हणत होती तेच खरं. उगाच केलं म्या."

मला वाटलं, ती म्हणेल, मी तं सांगतच होती. ती म्हणाली, "आता झालं न. डोये वर कर."

सहाव्या दिवशी लेन्स काढली. समोरच्या फलकावरचं सगळ्यात मोठं अक्षर तेवढं मला वाचता आलं, तेही वाफेतून पाहावं तसं. मला तिथेच रडू फुटलं. डॉक्टर म्हणाल्या, "रडा थोडं, डोळे कोरडे पडलेत तुमचे." मग गंभीर होऊन, "महिना थांबा."

तो महिना मी कसा काढला ते मलाच माहीत. सकाळी स्वच्छ दिसे, दुपारी धूसर. दिवसातून वीसदा मी भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचून बघे. रजा संपली. कामावर गेले तेव्हा रजिस्टरच्या रेषा दुहेरी दिसत होत्या. मग हळूहळू, कुठल्या दिवशी ते सांगता येणार नाही, धूसरपण कमी होत गेलं. एके सकाळी न्हाताना मी डोक्यावर पाणी घेतलं, डोळे पुसले, आणि मला माझ्या पायाची बोटं दिसली. नखांवरची नाचणीएवढी पांढरी खूणसुद्धा. मी मोठी झाल्यापासून न्हाताना मला माझे पाय कधी दिसले नव्हते. मी अंगावर पाणी घ्यायचं विसरून बघतच राहिले, आणि बाहेरून आई ओरडली, "पानी थंडं होऊन राह्यलं!"

पुढच्या पावसाळ्यात मी नाला ओलांडला. आधी काठीनं तळ चाचपला, मग पाऊल टाकलं. भीती पूर्ण गेली नव्हती, पण ती आता नुसत्या पाण्याची होती, जेवढी कुणालाही वाटावी तेवढी.

सगळं चांगलंच झालं असं नाही. डाव्या डोळ्याला पाऊण नंबर उरला. अंधार पडला की दिव्यांभोवती कडं दिसतं, उन्हाळ्यात डोळे कोरडे पडून टोचतात, थेंबांची बाटली पिशवीत असतेच. चाळिशी जवळ आली आहे आणि सुई ओवताना हात लांब जाऊ लागला आहे. आमच्या भागातल्या पोरी विचारायला येतात, कुणाचं चष्म्यामुळे लग्न अडलेलं असतं, कुणाला पोलीस भरतीत जायचं असतं. मी त्यांना करा किंवा करू नका असं सांगत नाही. जो तुम्हाला नाही म्हणू शकतो अशा डॉक्टरकडे आधी जा, एवढं सांगते.

आणि एक सवय लागली आहे, ती जात नाही. रोज सकाळी उठल्यावर मी अंथरुणातच उजवा डोळा झाकते आणि डाव्यानं वरच्या कौलांकडे बघते. शेवटून तिसऱ्या कौलाला बारीक तडा आहे. तो दिसला की उठते. कधी कधी दिसत नाही. मग मी डोळे मिटते, थोडी थांबते, आणि पुन्हा बघते.