पाय शिकायला कुठे जायचं

मला लहानाचं मोठं केलं ते आत्याने. भिवंडीजवळ दिघाशी गावातल्या आमच्या घरात ती पहिल्यापासून आहे आणि बरीच वर्षं तिला साखरेचा आजार आहे. तीन वर्षांपूर्वी थंडीत आम्ही घरचे सगळे अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो होतो. मी पाण्यात पाय घातला आणि लगेच वर घेतला. आत्या मात्र दोन्ही पाय बुडवून शेजारच्या बाईशी गप्पा मारत बसली होती.

"आत्या, भाजत नाही तुला?"

"न्हाय गं. कोमट तर हाय."

मी तेव्हा नुकतीच फिजिओथेरपी शिकून भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका दवाखान्यात लागले होते. तिचं ते बोलणं ऐकताच साखरेने तिच्या पायांची जाणीव गेलीय हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दोन्ही तळव्यांना मोठे फोड आले होते आणि ती त्याच पायांनी अंगण झाडत होती, कारण तिला काही दुखतच नव्हतं.

उजवा पाय बरा झाला. डावा चिघळला आणि करंगळी काढावी लागली. नंतरचे काही महिने मी तिला दर आठवड्याला मुंबईच्या एका हॉस्पिटलात नेत होते. तिथे एक पोडियाट्रिस्ट बाई होत्या, म्हणजे फक्त पावलांवर उपचार करणाऱ्या. हा शब्द मी वाचला होता, माणूस पहिल्यांदा बघत होते. त्या जखमेच्या कडेची मेलेली कातडी हळूच काढायच्या, मऊ फेल्टचा जाड कापडासारखा तुकडा कापून जखमेवर भार पडणार नाही असं चिकटवायच्या. त्यांच्या हाताखाली जखम भरत आली. एक दिवस मी त्यांना म्हटलं, "मला हे शिकायचंय."

"शिका की," त्या म्हणाल्या. "फक्त माहितीपत्रक वाचून ठरवू नका. आपल्याकडे हे शिकवणाऱ्या जागा थोड्या आहेत. जाऊन बघा."

घरी बाबांना पटलं नाही. ते भिवंडीत कापडाच्या कारखान्यात जॉबर आहेत. बिघडलेले लूम दुरुस्त करतात. "इतकं शिकलीस, आता लोकांचे पाय धरत बसणार?"

आत्या भाकरी थापत होती. "माझा धरला तवा बरा चालला तुला," एवढंच ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मी पण येते बघायला. पाय तर माझाच हाय."

पहिली जागा दक्षिणेतल्या एका शहरात होती. इमारत सुंदर. काचेच्या कपाटात पावलांचे प्लास्टिकचे नमुने, मोठी लायब्ररी, प्रमाणपत्रावर परदेशी विद्यापीठाचा शिक्का. तिथले सर अगत्याने सगळं दाखवत होते. पेशंट कधी बघायला मिळतील, असं विचारल्यावर म्हणाले, "शेवटच्या दोन महिन्यांत." जागा वाईट नव्हती. बाबांना तर फोटो बघूनच आवडली.

दुसरी पुण्यात, एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत. बाकावर पेशंट बसलेले. शिकवणाऱ्या मॅडमनी आमची चौकशी करायच्या आधी आत्याला म्हटलं, "मावशी, चप्पल काढा बघू." बुटक्या स्टुलावर बसून त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला आणि शेजारच्या विद्यार्थिनीला विचारलं, "काय दिसतंय?"

ती मुलगी वाकून बराच वेळ बघत राहिली. मग अंगठ्याखालच्या घट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली, "आत काळसर आहे. रक्त साकळलंय."

दर रविवारी तो पाय मी तपासत होते. मला तो डाग दिसला नव्हता. मान खाली गेली, पण त्याच क्षणी कुठे शिकायचं ते माझ्यापुरतं ठरलं.

तरी घाई केली नाही. तिथे होस्टेल नव्हतं, विद्यापीठाचा शिक्काही नव्हता. तिथून शिकून गेलेल्या दोघींचे नंबर मॅडमकडून घेतले. त्यातली नाशिकची म्हणाली, "पहिले तीन महिने मी फक्त नखं कापली, रडायची बाकी होते. आज पेशंट टिकतात ते त्याच्याच जोरावर." दुसरीने तिच्या ओळखीतली एक खोली मिळवून दिली.

आता मला तिथे पाच महिने झालेत. नखं मीही कापली, भरपूर. आत्याचा घट्टा मॅडमनी आम्ही बघायला गेलो त्याच दिवशी काढला होता; जखम झाली नाही. गेल्या सुट्टीत घरी आले तर चहा पिता पिता बाबांनी मोजा काढला आणि पाय पुढे केला. "शिफ्टला उभं राहून टाच दुखते. बघ जरा."

मी जमिनीवर बसून पाय मांडीवर घेतला. टाचेला भेगा होत्या, बोटं एकमेकांवर चढलेली. त्यांचा बूट एका मापाने लहान होता, कित्येक वर्षं. संध्याकाळी आम्ही दोघं नवे बूट आणायला गेलो. दुकानदाराने माप विचारलं, तर बाबा म्हणाले, "हिला विचारा."