आजोबांचे डावे ठोके

निवृत्तीनंतर लोक बाग लावतात. आमच्या मामाने स्वतःचे आजोबा शोधायला घेतले. म्हणजे ते हरवले नव्हते, केव्हाच वारले होते. पण पितळी भांड्यांच्या कारखान्यात ते पट्टीचे ठोकणारे होते, अशी मामाच्या घराण्याची शेखी होती. तो बंद कारखाना आता संग्रहालय होणार होता. जुन्या कारागिरांची नावं भिंतीवर कोरायची होती आणि अट एकच होती, त्या माणसाच्या हातचं एक भांडं दाखवा.

मामीचे वडील त्याच कारखान्यात होते. त्यांनी सांगितलं होतं की हे आजोबा तिथे नुसता भट्टीचा भाता ओढायचे. भांड्याला भांडं लागायचंच, पण यांच्या संसारात त्याचा आवाज लग्नाच्या आठवड्यातच सुरू झाला.

पुरावा म्हणून मामाकडे आजोबांची हातोडी होती. शिवाय आजोबा डावरे होते, म्हणजे त्यांचे ठोके उलट्या बाजूला कलणार, असा त्याचा हिशोब. हाताने घडवलेल्या भांड्याचा नाद लांबतो, हेही त्याने कुठूनसं ऐकलं होतं. मग काय, हातोडी घेऊन स्वारी घरोघर. भांडं उपडं घालायचं, डोळे मिटायचे, ठोका मारून ऐकायचं. खात्री पटली नाही की आणखी मारायचे. पुढे पुढे लोक त्याची चाहूल लागताच हंडे पलंगाखाली सरकवू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि पिशवी धरायला मीच बरोबर.

नादावरून काही ठरेना, म्हणून दुसऱ्या फेरीत त्याने चष्मा लावून बुडं तपासली. आणि आजोबा घरोघर सापडू लागले! शिंप्याच्या घंगाळावर, डॉक्टरीणबाईंच्या कळशीवर, सगळीकडे उलटे कललेले ठोके. मामा भर रस्त्यात रडला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

त्या संध्याकाळी मामीने त्याच्यापुढे एक ॲल्युमिनियमचं पातेलं उपडं ठेवलं. त्याच्या बुडावरही तेच ठोके होते.

"हे मी गेल्या महिन्यात घेतलंय," ती म्हणाली.

मामाने पातेल्याकडे पाहिलं, हातोडीकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. मामी हसली नाही, तेव्हा मात्र मला त्याची फार दया आली.

गल्लीने पोचे काढून मागितले. मामा ओट्यावर बसला. एक पोचा जाई, शेजारी दुसरा येई. पितळ आधी तापवून मऊ करावं लागतं, असं शिंपी म्हणाला. कोळसे पेटवले, पण धग धरेना. शेवटी मामीने माझा केस वाळवायचा ड्रायर आणला आणि कोळशांवर धरून बसली. हात भरून आला की हात बदलायची, पण ड्रायर खाली ठेवायची नाही. घंगाळ लाल झालं. निवल्यावर मामाने ठोकलं, तर पोचा मुकाट्याने बसला.

मामा बराच वेळ तिच्या हाताकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो शिंप्याचं घंगाळ घेऊन संग्रहालयात गेला. तिथल्या बाईंनी बूड न्याहाळून विचारलं, यात तुमच्या आजोबांचे ठोके कोणते?

"एकही नाही," मामा म्हणाला. "ते भाता ओढायचे. त्यांच्या हाताशिवाय घडलेलं एक भांडं तुम्ही दाखवा."