सगुणेची लाकडी फौज

दिघीच्या खाडीकाठी सगुणा सुतारणीची खेळणी प्रसिद्ध होती. नवरा काळूराम लाकूड तासून द्यायचा, पण त्यात जीव ओतायची ती सगुणाच. "माझी बाहुली हातात दिली की पोराचं रडं थांबतं," असं ती बेधडक सांगे.

१९२८ साली मुंबईची एक सिनेमा कंपनी खाडीवर उतरली. मूकपटाची गोष्ट गमतीची होती. चिक्कू बापाच्या घरातली खेळणी जिवंत होतात आणि पोरांच्या बाजूने लढून बापालाच खांबाला बांधतात. पण कंपनीच्या चिनी मातीच्या डोक्याच्या विलायती बाहुल्या दोरा ओढताच तोंडघशी पडत, आणि पांढरा दोरा लांबूनही दिसे. तीन दिवस फुकट गेले. चौथ्या दिवशी सगुणा टोपली घेऊन थेट डायरेक्टर दिनानाथरावांपुढे उभी राहिली.

"सायेब, वजन पायात पायजे. तुमचं सगळं डोक्यात हाय."

दिनानाथरावांना हसू फुटलं. "तू चालवून दाखवशील?"

"दाखवीन. पण मधी कुणी बोलायचं न्हाय."

तिने लाकडी शिपायांच्या पायांत मासेमारीच्या जाळ्याला लावायचं शिसं भरलं, मागे काळी घोंगडी टांगली आणि दोऱ्याला काजळ फासलं. दोरा दिसेनासा झाला. फौज झोकात चालत निघाली.

फौजेचा सरदार तिने गावच्या खोतासारखा, अंबाजीरावांसारखा, ढेरपोट्या केला. हुकूम सोडता सोडता तो जिन्यावरून गडगडत थेट ताकाच्या डेऱ्यात पडे.

सहा महिन्यांनी माणगावच्या तंबूत सिनेमा लागला, तेव्हा अख्खा गाव बघायला गेला. सरदार डेऱ्यात पडताच लोक ओरडले, "खोत बुडाला!" खोत पहिल्याच रांगेत बसले होते.

गावी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगुणेच्या अंगणात हजर झाले. काळूरामने घाबरून हात जोडले.

"सगुणे, तो मीच ना?"

"व्हय," सगुणा म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण लोकांनी परत दाखवायला लावला, तो तेवढाच भाग."

खोतांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मिशा बारीक काढल्यास."

"बसा मग," म्हणत सगुणेने टोपलीतून तो सरदार काढला. "नीट बघून रंगवते."

अंबाजीराव दुपारपर्यंत ओट्यावर मान न हलवता बसले. कुंपणाशी बायकांची गर्दी जमली, तरी हलले नाहीत. सगुणेने कुंचला धुतला, बाहुला त्यांच्या हातात ठेवला आणि दुसरं लाकूड पुढे ओढलं.