शालनच्या नावापुढचं शून्य

"नाशिकवर लिहा, द्राक्षांच्या दिवसांत जायचंय," असं तुमच्यापैकी बरेच जण कळवतात. नाशिकला मी पुष्कळदा गेले. पण लिहायला बसलं की एकच खेप आठवते, एकोणऐंशीच्या हिवाळ्यातली. तीच सांगते.

तेव्हा मी पुण्यातल्या एका कारखान्याच्या बास्केटबॉल संघात होते. खेळासाठीच नोकरी दिलेली. सकाळी टायपिंग, दुपारनंतर मैदान. शालन आमची गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून बाकीच्यांच्या हातात देणारी. आडगावची, भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या घरातली. त्या वर्षी स्पर्धेचा अंतिम सामना आम्ही एका गुणाने हरलो. मग ती सुट्टीवर घरी गेली, तिला कावीळ झाली आणि त्यातच ती गेली.

कारखान्याने तिची ट्रंक, उपविजेत्यांचं पदक आणि त्या सामन्याच्या गुणपत्रकाची प्रत घरी पाठवली. ते सगळं पोहोचवणाऱ्या ड्रायव्हरने निरोप आणला, "पोरीचे वडील म्हणतात, मैत्रिणींपैकी कुणीतरी येऊन जा. त्यांना काही विचारायचंय." आमची कॅप्टन मीना म्हणाली, "विद्या, आपण दोघी जाऊ."

शिवाजीनगरहून सकाळची लाल गाडी धरली. आता तुम्ही कारने जाल, खेडचा घाट टाळून जाल. तेव्हा गाडी प्रत्येक गावाला थांबायची. नारायणगावला गाडीतून उतरून चहा घेतला, संगमनेरला गरम भजी. मीनाने पुडी उघडली आणि तशीच बंद केली. चंदनापुरीच्या घाटात ती एवढंच म्हणाली, "काय विचारणार असतील गं?"

पुण्याकडून येणारी गाडी नाशिकच्या द्वारका चौकातूनच शहरात शिरते. आडगावला जायचं तर तिथेच उतरावं, स्टँडपर्यंत जाऊ नये. आम्हाला पिंपळगावकडे निघालेला रिकामा टेम्पो मिळाला. वारा असा बोचरा की डोक्यावरून शाल घ्यावी लागली. स्वेटर न्या, दुपार असली तरी.

मळ्यातच घर होतं. अंगणात कोबीचा ढीग, शेजारी झेंडूच्या पाट्या. शालनच्या आईने, काकूंनी, आम्हाला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. आधी जेवायला बसवलं, बाजरीची भाकरी आणि मेथी. जेवण झालं तसे आप्पा, म्हणजे शालनचे वडील, आत गेले. मग त्यांनी गुणपत्रक आणून आमच्यापुढे पसरलं. बाजारात उभी हयात गेलेली, त्यांना आकडे बरोबर वाचता येत होते.

"पोरींनो, येक इचारतो. खोटं बोलू नका," ते म्हणाले. "हिच्या नावापुढं अठरा हायेत. हिच्या बारा. माझ्या शालूपुढं शून्य. आन् ह्या चार फुल्या, त्या चुका म्हंत्यात. ती खेळली, का नुसती बाकड्यावर बसवली व्हती?"

अठरा माझे होते.

"तिचा चुलता म्हंतो," आप्पा पुढे म्हणाले, "येकाच गुणानं हरल्या. हिनं येकदा तरी टाकला असता तर जिंकल्या नसत्या का? गावात अर्ध्या चड्डीत खेळती म्हून समदे बोलायचे, तवा म्या समद्यांशी वाकडं घेतलं. ते कशापायी?"

मीना उठली. ढिगातून कोबीचा एक गड्डा तिने उचलला. "आप्पा, हा चेंडू समजा. काकू, तुम्ही इथे उभ्या राहा. ही शालनची जागा."

"मला काय येतंय बाई," म्हणत काकू उभ्या राहिल्या. मीनाने मला कोपऱ्यात झेंडूच्या पाट्यांजवळ पाठवलं आणि स्वतः हात पसरून काकूंच्या समोर आली. "मी समोरच्या संघातली मुलगी. तुम्हाला पुढे जाऊ देत नाही. आता न बघता विद्याला द्या."

काकूंनी गड्डा माझ्याकडे टाकला. मी झेलला.

"झालं," मीना म्हणाली. "विद्याने तो टाकला, कागदावर विद्याचे दोन गुण. शालनने दिला, ते कागदावर कुठेच येत नाही. हिच्या अठरांपैकी बहुतेक असेच आले. आणि फुल्या म्हणाल तर त्यांची सगळ्यात उंच मुलगी कुणाला आवरत नव्हती. तिला अडवायला शालन स्वतःहून गेली, त्यात धक्का लागला की फुली. ती अख्खा सामना खेळली, आप्पा. एकदाही बाहेर बसली नाही."

काकू तिथेच उभ्या होत्या. हात अजून पुढे केलेले. मग त्या खाली बसल्या आणि आम्ही आल्यापासून दाबलेलं रडू बाहेर पडलं. मी जाऊन त्यांना धरलं.

आप्पांनी कागदाची नीट घडी केली. म्हणाले, "सांजंला माझा भाऊ येईल. त्याच्यासमोर ह्ये परत सांगाल का?"

परतीची गाडी चुकणार होती. आम्ही थांबलो. चुलते दिवेलागणीला आले, ओटीवर टेकले. मीनाने पहिल्यापासून सगळं सांगितलं, दुपारपेक्षाही सावकाश. त्यांनी मन लावून ऐकलं. मग विचारलं, "मंग कागदावर का नाय?"

"तेवढं लिहायची पद्धत नाही," मीना म्हणाली.

"लय चांगल्या पोरी तुम्ही," ते म्हणाले. "तिच्यापायी एवढ्या लांब आल्या." आणि उठून गेले. त्यांना ते खरं वाटलं नव्हतं. आमची माया तेवढी त्यांना दिसली.

मीना रडायला लागली. सामना हरलो तेव्हाही रडली नव्हती. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे. त्याला नसंल पटलं. मला पटलं."

सकाळी ते टेम्पोपर्यंत सोडायला आले. दोघींना एकेक कोबी दिला. नको म्हणवेना.

पुण्यात पोहोचलो त्याच संध्याकाळी सराव होता. शालनच्या जागी नवी मुलगी आलेली, चपळ, हसरी. खेळ सुरू झाला. मी सवयीने कोपऱ्याकडे धावले, मागे वळून न बघता हात पुढे केले. चेंडू आला नाही. ती बिचारी मधोमध थांबून विचारत होती, "ताई, कुणाला देऊ?"

पुढे मी आणखी सहा वर्षं खेळले. चांगली खेळले, असं लोक म्हणतात. पण त्या दिवसापासून मी आधी वळून बघायला लागले.