विमलची पाण्याखाली, माझी काचेत

‘‘तुझी गेली समुद्रात आणि माझी बसली कपाटात. हा कुठला न्याय?’’

हे मी विमलला कँटीनमध्ये विचारत होते. आमचे सुपरवायझर मुकेशभाई चहा घ्यायला आले होते, ते कप न घेताच मागं फिरले.

भांडण तुम्ही मधूनच ऐकताय. पण वाइंडिंग डिपार्टमेंटचं असंच आहे. टेबलाखाली टेपचे तुकडे साचतात, संध्याकाळी झाडावे तर सकाळी पुन्हा तेवढेच. किस्सेही तसेच. यातले बरेचसे विमलचे, याचाही मला राग आहे.

* * *

मी शाळा चौथीत सोडली. नवऱ्याचं इथंच सिल्वासात, टोकरखाड्यात, मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. तिथं जळलेल्या पंपांच्या मोटारी उघडून, तारेचे वेढे मोजून मोजून मी शिकले. कुणी शिकवलं नाही. विमल डहाणूकडची, आयटीआय झालेली, माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिचं सर्टिफिकेट फ्रेममध्ये आहे. आम्ही दोघी सिल्वासाच्या या कारखान्यात एकाच दिवशी लागलो. मला एकदा रिटायर करून झालं, मग त्यांनीच परत बोलावलं. विमलला नाही बोलवावं लागलं, तिचं वय अजून व्हायचंय.

* * *

कॉइलवर, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या वेटोळ्यावर, टेप गुंडाळताना हातात बांगडी चालत नाही. तेल नाही, क्रीम नाही. एक ओरखडा पडला तर पुढं तिथूनच जळणार. विमलच्या हातातली पाटली लग्नापासून निघालेली नव्हती. साबण लावला, तरी निघेना. शेवटी तिनं मेंटेनन्सच्या माणसाकडून कटरनं कापून घेतली. साऱ्या डिपार्टमेंटनं टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मीटिंगमध्ये उदाहरण दिलं.

माझे हात नवरा गेल्यापासून मोकळेच आहेत. त्याला कोण टाळ्या वाजवणार?

* * *

मग पाणबुडीच्या मोटारीचं काम आलं. या कामाचे इंजिनिअर, नाशिकचे वाघसाहेब, आम्हाला समजावत होते. वर असताना डिझेल इंजिन बॅटरी चार्ज करतं. खाली गेलं की हवा नाही, म्हणून इंजिन बंद. मग फक्त बॅटरी आणि आपली मोटार. आणि मोटारीनं गुणगुणायचं नाही, कारण शत्रू कान लावून बसलेला असतो.

विमलनं विचारलं, ‘‘साहेब, खाली असताना जळली तर रिवाइंड कोण करणार?’’

साहेबांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, ‘‘कोणीच नाही. म्हणून तुम्ही.’’

हा प्रश्न त्यांनी नंतर बाहेरच्या पाहुण्यांनाही सांगितला, विमलचं नाव घेऊन. माझ्या जिभेवर तोच प्रश्न होता हो! तेवढ्यात मला ठसका लागला.

* * *

आमच्याकडे एक रीत आहे. जिनं कॉइलला टेप लावायला घेतली, तिनंच ती संपवायची. मध्ये हात बदलला की ताण बदलतो, ताण बदलला की आत हवा राहते. म्हणून एक कॉइल संपवायची, मग उठायचं. विमल एक संपवून लगेच दुसरी घेई. ती उठत नाही म्हटल्यावर मी का उठू? मी उठत नाही हे बघून ती उठेना. चहा गार झाला, जेवणाचे डबे तसेच राहिले, बाथरूमचं तर विचारूच नका.

वाघसाहेब काचेतून बघत होते. मुकेशभाईंना म्हणाले, ‘‘डेडिकेशन बघा.’’

* * *

सगळ्या कॉइल ओव्हनमधून पक्क्या होऊन आल्या, तेव्हा साहेब म्हणाले, यातली सगळ्यात चांगली एक सॅम्पल म्हणून बाजूला काढा, नौदलाच्या लोकांना दाखवायचीय. आता मी कशाला मागं राहते? माझी कॉइल पुसून सगळ्यांच्या पुढं ठेवली. मुकेशभाईंना दोनदा सांगितलं, ‘‘भाई, बराबर जुओ,’’ नीट बघा म्हणून. त्यांनी बोटं फिरवून बघितलं आणि माझीच उचलली. मी आमलीच्या दुकानातून जिलबी मागवली. पहिला तुकडा विमलच्या हातावर ठेवला. तिनं खाल्लासुद्धा.

दुसऱ्या दिवशी बघते तर माझी कॉइल शिकंज्यात आवळलेली आणि माणूस करवतीनं मधोमध कापतोय.

सॅम्पल म्हणजे कापायची! आत थरांमध्ये कुठं पोकळी राहिलीय का, ते बघायला. सगळ्यात चांगली कापायची आणि बाकीच्यांचा त्यावरून अंदाज घ्यायचा. पोकळी सुईच्या टोकाएवढीही निघाली नाही. नौदलाच्या साहेबांनी भिंग लावून बघितलं, मान डोलावली, आणि माझे दोन तुकडे रिसेप्शनच्या काचेच्या कपाटात गेले. खाली चिठ्ठी आहे, तीही इंग्रजीत.

विमलच्या सगळ्या कॉइल मोटारीत बसल्या. माझ्या बाकीच्याही बसल्या, पण सगळ्यात चांगली तेवढी नाही. मोटारीचं झाकण बंद झालं, ताडपत्री घालून ती ट्रेलरवर चढली, गेली. कुठल्या पाणबुडीत, ते आम्हाला सांगत नाहीत.

* * *

मोटार गेली त्याच दुपारचं हे कँटीन. मी बोलत होते आणि विमल जेवत होती. मी म्हटलं, सॅम्पल कापतात हे तुला ठाऊक होतं, आयटीआयमध्ये शिकवतात, म्हणून तू आपली पुढं ठेवली नाहीस. ती भाकरी मोडत राहिली. मी म्हटलं, नाव तुझंच होणार, पाण्याखाली फिरणार ती तुझी, माझी मेली दोन तुकडे होऊन पाहुण्यांच्या चपलांपाशी.

विमलनं डबा बंद केला. झाकण नीट बसलं का बघितलं.

‘‘अक्का, तुम्ही तुमची रोज जाता-येता बघता, माझी मला परत कोण दाखवणार?’’